पाटा वाढवू नका, आधी शॉकअप बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाचं शेतीचं पान मी नियमित वाचते. केळीवरचे करपा आणि सीएमव्ही हे रोग, ठिबकमधून द्यायची खतं, बऱ्हाणपूरच्या बाजारातले भाव, सगळं त्यात येतं आणि आम्हाला कामाला येतं. पण घड झाडावरून उतरला की तो मोठ्या ट्रकपर्यंत कसा पोहोचतो, यावर त्या पानात आजवर एक ओळही मी वाचलेली नाही. आमच्या शेतापासून डांबरी रस्ता अडीच किलोमीटर आहे. मोठा ट्रक आत येत नाही, म्हणून केळी आमच्या पिकअपमध्ये भरून बाहेर काढावी लागते. याच अडीच किलोमीटरमध्ये आमचं किती नुकसान होत होतं ते मला गेल्या वर्षी कळलं. तेच, आणि त्याचा गाडीच्या शॉकअपशी (चाकाची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या नळीशी) काय संबंध होता, ते लिहायला हे पत्र.

घरातला हिशेब मी लिहिते. सासऱ्यांच्या काळापासून लाल कापडी बांधणीची वही आहे, त्यात मजुरी, वीजबिल, डिझेल, सगळं तारखेनिशी असतं. गेल्या उन्हाळ्यात मृगबागेची (मृग नक्षत्रावर लावलेल्या केळीची) कटाई ऐन भरात असताना मागचे दोन्ही टायर बदलावे लागले. पैसे लिहिताना सहज मागची पानं चाळली. आधीची जोडी चाळीस महिने चालली होती, ही बावीस महिन्यांत संपली. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारे यजमानच. मग बदललं काय?

त्याच आठवड्यात व्यापाऱ्याचा फोन आला. माल पिकवायला लावल्यावर फण्यांवर काळे डाग उमटले म्हणून त्याने भावात काप लावला. हिरव्या केळीला बसलेला मार लगेच दिसत नाही. साल हिरवीगार दिसते, ट्रकमध्ये भरताना कुणाला शंका येत नाही, आणि पिकायला लागल्यावर मार बसलेली जागा काळी पडते. तोवर माल हजार किलोमीटर दूर गेलेला असतो. आपण म्हणतो हमालांनी आदळलं, तिकडचे म्हणतात शेतकऱ्याने आदळलं. आम्हीही मजुरांवरच चिडलो होतो, हे मला आज बोचतं.

आता बदललं काय, ते सांगते. साधारण दोन वर्षांपूर्वी गाडी भरल्यावर मागून खाली बसते, असं वाटलं. गावात ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगायचा: पाटा वाढवा. पाटा म्हणजे गाडीचं वजन पेलणारी स्प्रिंगची पोलादी पट्टी. आमच्या भागात निम्म्या पिकअपना तरी जास्तीचा पाटा टाकलेला दिसेल. आम्हीही दोन्ही बाजूंना एकेक टाकून घेतला. भरलेली गाडी उंच राहू लागली, सगळे समाधानी झाले. रिकामी गाडी मात्र पाणंदीत उड्या मारायची, मागे उभ्या असलेल्या पोरांना दोन्ही हातांनी दांडा धरावा लागायचा. पाटा नवा आहे, बसेल हळूहळू, असं म्हणत आम्ही दोन वर्षं काढली.

माझं माहेर अमळनेरकडचं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथे तीस-पस्तीस वर्षं गॅरेज होतं. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गॅरेज भाऊ बघतो. गेल्या भाऊबीजेला आम्ही पिकअप घेऊनच गेलो, येताना तिकडून दादर ज्वारी आणायची होती. रावेर ते अमळनेर म्हणजे जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा पल्ला. दारासमोरच्या गटारीवरून गाडी आत आली तेव्हा अण्णा ओट्यावर बाजेवर बसले होते. ओवाळणं राहिलं बाजूला, पहिलं वाक्य त्यांचं हे: "माय, गाडी नाचत येस तुनी." मग काठी टेकत मागच्या चाकाशी आले, खाली वाकायला लावलं भावाला, आणि म्हणाले, शॉकअपला हात लावून बघ. डावा कोमट होता. उजवा थंडगार. "हाऊ मरेल शे," अण्णा म्हणाले, म्हणजे हा मेलेला आहे.

ही खूण इतकी सोपी आहे की ती प्रत्येक गाडीवाल्याला माहीत हवी. शॉकअप काम करतो म्हणजे आतल्या तेलाला घुसळतो. नळीत तेल असतं, त्यात दट्ट्या वरखाली होतो, दट्ट्याला बारीक छिद्रं आणि झडपा असतात. फवारणीचा पंप ज्याने मारला आहे त्याला हे समजायला वेळ लागणार नाही: तोटी बारीक असली की दांडा जड जातो. तेल त्या बारीक वाटेतून जाताना अडतं, तापतं, आणि पाट्याची उसळी त्या उष्णतेत खर्च होते. म्हणून खराब रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालून आलेल्या गाडीचा चांगला शॉकअप हाताला गरम लागतो. जो थंड आहे तो नुसता लटकलेला आहे. हात मात्र जपून लावायचा, सायलेन्सर जवळून जातो, आणि त्याच्या आचेनेही त्या बाजूचा शॉकअप गरम लागू शकतो. एवढं लक्षात ठेवून दोन्ही बाजू ताडून बघायच्या.

अण्णांचं दुसरं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: "पाटा वजन धरस, शॉकप उडी धरस." या दोन कामांची आपल्याकडे सरमिसळ झाली आहे, आणि सगळं नुकसान तिथून सुरू होतं. गाडी एका बाजूला कललेली असेल किंवा भरल्यावर फार बसत असेल तर तो पाट्याचा दोष, किंवा आपण भरलेल्या वजनाचा. नवा शॉकअप टाकून गाडी उंच होणार नाही. उलट गाडी खड्ड्यानंतर डुलत राहत असेल, ब्रेक मारल्यावर नाक खाली घालत असेल, वळणावर कलंडल्यासारखी होत असेल, तर तिथे पाटा वाढवून काहीच साधत नाही. पाटा जितका ताठ, तितकी त्याची उसळी जोराची. ती आवरायला शॉकअप मात्र जुनाच, पहिल्या पाट्यांच्या हिशेबाने बनवलेला. तो आधी दमतो, मग मरतो. आमचा उजवा असाच मेला.

मग इतके दिवस कळलं कसं नाही? त्याचंही कारण अण्णांनी सांगितलं. पाट्यावर पाटा घासतो, त्या घासण्यानेही थोडी उसळी कमी होते. त्यामुळे पाट्यांच्या गाडीत मेलेला शॉकअप झाकला जातो. कारचा शॉकअप गेला तर दोन दिवसांत कळतं, मालगाडीचा वर्षभर कळत नाही. कोपरा दाबून सोडायची आणि किती वेळा हलते ते मोजायची रीत कारसाठी ठीक आहे. रिकाम्या पिकअपचे पाटे हाताने दबतच नाहीत.

टायर मात्र बोलतो. बदललेले जुने टायर आम्ही गोठ्याजवळ टाकले होते. घरी परतल्यावर मी त्यावरून तळहात फिरवला. एका टायरला जागोजाग उंचवटे आणि खळगे होते, जणू कुणी चमच्याने रबर कोरून काढलं होतं. चाक जमिनीला टेकून राहण्याऐवजी सारखं उडतं आणि आपटतं, तेव्हा टायर असा खाल्ला जातो. दोन्ही कडा घासलेल्या असतील तर हवा कमी, मधलाच पट्टा घासला असेल तर हवा जास्त, आणि असे खळगे असतील तर आधी शॉकअप बघावा. चाकाचा बॅलन्स बिघडला तरी खळगे पडतात, तेवढं तपासून घ्यावं. बावीस महिन्यांचं कोडं माझ्यापुरतं तिथे सुटलं.

आता पैशाचं. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण भीती पैशाचीच असते.

भाऊबीजेच्या आधीच यजमानांनी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली होती. त्यांनी चारही शॉकअप, सगळे बुश (जोडांत बसणारी रबरं), मजुरी धरून अकरा हजार चारशेचा अंदाज दिला होता. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण कोणता शॉकअप खरंच गेला आहे हे कुणी खाली जाऊन आम्हाला दाखवलं नव्हतं. त्याच्याही आदल्या वर्षी एका रस्त्यावरच्या गॅरेजात साडेतीनशे रुपयांत शॉकअप "भरून" घेतला होता. दीड महिन्यात पुन्हा तेल गळायला लागलं. असे भरलेले शॉकअप आपल्याकडे सर्रास चालतात, म्हणून सांगते: नळीला भोक पाडून हाताला येईल ते तेल ओततात आणि वेल्डिंगने भोक बुजवतात. शॉकअप जातो तो बहुतेक वेळा सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेल्यामुळे, आणि सील तर बदललेलंच नसतं, वर वेल्डिंगच्या आचेने आणखी कडक होतं. तेल किती जाड हवं, किती भरावं, याचं माप नाही. आणि गॅसचा शॉकअप असेल तर तो दाबाखाली भरलेला असतो. त्याला भोक पाडणं किंवा आच देणं जिवावर बेतू शकतं. साडेतीनशे रुपये वाचले असं वाटतं, पण ते वाहून गेलेले असतात. भंगारातून काढलेला शॉकअपही नको. भंगारातून ब्रॅकेट घ्या, पाटा घ्या, रबराच्या सीलवर चालणारी वस्तू घेऊ नका.

अण्णांनी चारही शॉकअप एकेक करून बघितले. मागच्या दोघांची खालची बाजू सोडून हाताने दांडा आतबाहेर करायला लावला. डावा दोन्हीकडे जड जात होता, पण मध्ये एका जागी एकदम सैल पडायचा. उजवा तर सायकलच्या वॉशर नसलेल्या पंपासारखा जात होता, आणि अंगावर तेलात भिजलेल्या धुळीचा जाड थर. थोडासा ओलसरपणा असला तर घाबरायचं नाही, सीलमधून तेलाचा पुसटसा थर येतोच. ओघळ दिसला, माती चिकटून लगदा झाला, की समजायचं. पुढचे दोन्ही कोरडे आणि दमदार होते. पुढून येणारा टकटक आवाज, ज्याच्यासाठी वर्कशॉपने शॉकअप सांगितले होते, तो होता बुशचा. रबर झिजून बोल्ट लोखंडावर आपटत होता. आवाज आला की शॉकअपच गेला, असं नसतं. पुष्कळदा शंभर-दीडशे रुपयांचं रबर गेलेलं असतं.

म्हणजे आम्हाला हवी होती मागची जोडी आणि पुढचे बुश. जोडी म्हणजे जोडीच. डावा अर्धा बरा होता म्हणून एकच बदलायचा विचार यजमानांनी बोलून दाखवला, अण्णांनी मान हलवली. एक नवा आणि एक दमलेला असला तर ब्रेक मारताना आणि वळताना गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही. खर्च कमी करायचा तर पुढचे-मागचे वेगवेगळ्या वेळी करा, पण एका धुरीवरचे दोन्ही एकदम.

भाऊ जुना शॉकअप पिशवीत घालून धुळ्याला गेला. हे महत्त्वाचं आहे. नुसतं गाडीचं नाव सांगून शॉकअप आणू नये. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक आणि मॉडेलगणिक फरक असतो. पूर्ण उघडल्यावरची लांबी, पूर्ण दाबल्यावरची लांबी, डोळ्याचं (टोकाच्या कडीचं) भोक, बुशची रुंदी, सगळं जुळलं पाहिजे. आखूड आला तर खड्ड्यात चाक लटकल्यावर तोच ताणून तुटेल, लांब आला तर भरलेल्या गाडीत तळाला आपटेल. जुना पूर्ण मेला असेल तरी लांबी त्याच्यावरून मोजता येते.

दुसरं, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातलाच शॉकअप हवा, असं नाही. शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएलसारख्या कंपन्या गाड्या बनवणाऱ्यांनाही माल देतात आणि स्वतःच्या खोक्यातून बाजारातही विकतात. त्या खोक्यातला माल आम्हाला स्वस्त पडला. बिननावाचा मात्र घेऊ नये, खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव, महिना-वर्ष आणि छापील किंमत असलीच पाहिजे. आणि पक्कं बिल घ्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेपासून, गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. पहिल्या दुकानात भावाला जुनाच दर सांगितला. त्याने बिलावर कर वेगळा दाखवा म्हटल्यावर आकडा खाली आला. कच्च्या चिठ्ठीवर घेणाऱ्याला हे कधी कळणार? शिवाय बिल नसेल तर वॉरंटी मागायला तोंड राहत नाही.

जोडी पडली २,६८० रुपयांना.

बसवायचं काम अंगणातच केलं. आदल्या रात्री गंजलेल्या नटांवर तारेचा ब्रश मारून गंज सुटायचं तेल सोडून ठेवलं. सकाळी जोर लावावा लागला, पण नट आले. हे न करता थेट पान्याला पाइप लावून झोंबलं तर बोल्ट तुटतो, आणि चेसिसवरचा बोल्ट तुटला की स्वस्तातलं काम महाग होतं. गाडी सपाट जागेवर, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना दोन्हीकडून दगड. मागच्या शॉकअपसाठी चाकं काढावी लागली नाहीत, गाडी जमिनीवर उभीच होती. भोकं जुळवताना धुरीखाली जॅक थोडा उचलला, तेवढंच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, हे अण्णांनी आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. त्यांच्या गॅरेजात यासाठी बाभळीचे दोन ठोकळे कायम असायचे, ते अजून आहेत.

जुना काढायच्या आधी माझ्या मुलाने मोबाइलवर फोटो काढला, कोणता वॉशर आधी, कोणता नंतर, बुशची कोणती बाजू आत. बसवताना चार वेळा तो फोटो बघावा लागला. नव्या शॉकअपला बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा. खोक्यात आडवा पडून आत हवा तेलात शिरलेली असते, ती वर निघून जाते. पहिल्या दोन वेळा तो मध्येच सैल लागला, मग एकसारखा जड झाला. हे न करता बसवला तर नवाच खराब निघाला असं वाटतं आणि दुकानदाराशी भांडण होतं. रबरी बुश सरकवायला साबणाचं पाणी लावलं, ग्रीस किंवा डिझेल नाही, त्याने रबर फुगतं आणि सडतं. दांड्याला पक्कड लावायची नाही, त्याच्यावर एक ओरखडा पडला की तो सील कापत राहतो. आणि नट शेवटचे आवळले ते गाडीचं वजन चाकांवर असताना. अधांतरी आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

जुन्यांतलं उरलेलं तेल डब्यात काढून गॅरेजच्या जळक्या तेलाच्या ड्रममध्ये टाकलं. बांधावर ओतू नका, एवढंच सांगते.

पुढचे बुश आणि तो वाढवलेला पाटा काढायचं काम भावाच्या माणसांनी गॅरेजात केलं. पुढचं घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या गाड्यांना पुढे कॉइल स्प्रिंग आहे आणि शॉकअप तिच्यातच बसलेला आहे, तिथे दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. त्याला वेगळं साधन लागतं. तिथे मजुरी वाचवू नये.

वहीतला हिशेब असा: जोडी २,६८०, पुढचे बुश २४०, ब्रश आणि तेल १५०, गॅरेजची मजुरी ७००, शेवटी चाकांच्या अलाइनमेंटचे ५००. एकूण ४,२७० रुपये. भावाने मजुरी घ्यायला नको म्हटलं, पण काम करणाऱ्या माणसांची मजुरी मी दिली आणि इथे लिहिली, म्हणजे वाचणाऱ्याला खरा आकडा मिळेल. अकरा हजार चारशेच्या निम्म्याहूनही कमी.

पाटा काढला म्हणजे आता आम्ही कमी भरतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरून चालणारं एकूण वजन दोन्ही लिहिलेलं असतं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे आपला माल, माणसं धरून. मी ती वजाबाकी सात वर्षांत पहिल्यांदा केली. आम्ही जवळजवळ दर खेपेला त्याच्या वर जात होतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्तीच्या वजनाला २० हजार रुपये आणि वर दर जादा टनामागे २ हजार असा दंड आहे, तो कधीतरी बसला असता तर वर्षभर जास्त भरून वाचवलेले पैसे त्यात गेले असते. आता कटाईच्या दिवशी एक खेप जास्त होते. डिझेल थोडं वाढलं आहे. क्रेटमध्ये घातलेल्या फण्या मात्र जशा भरतो तशा उतरतात, वरचा थर आधी उडून एकमेकांवर घासायचा तो आता जागेवर असतो. कार्तिकापासून तीन वेळा माल गेला, डागाची तक्रार एकदाही आलेली नाही.

रस्ता तसाच आहे. पाणंदीसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, तिच्यासाठी आम्ही बांधकरी मिळून अर्ज दिला आहे, पाठपुरावा करतो आहोत. काळ्या मातीची पाणंद एका पावसात चिखल आणि उन्हात दगडासारखी चाकोरी होते. तिथे कितीही चांगला शॉकअप असला तरी वेग पंधराच्या वर नेऊ नये, आणि पावसाळ्यात दांड्यावर वाळलेला चिखल धुऊन काढावा, कारण तो सीलला कानशीसारखा घासतो. माझ्या मुलाला आता ते काम दिलं आहे.

संपादक महाशय, माझी विनंती आहे की शेतीच्या पानात महिन्यातून एकदा तरी गाडीबद्दल लिहून यावं. पिकअप, छोटा हत्ती, ट्रॉली, ज्याच्यावर शेतमाल निघतो त्या प्रत्येक वाहनाबद्दल. ठिबकची नळी तुंबली तर काय करावं हे आमच्या सातवीतल्या पोराला माहीत आहे, कारण ते गेली वीस वर्षं कुणीतरी सांगत आलं. शॉकअपबद्दल कुणी सांगितलंच नाही, म्हणून पाटा वाढवा हाच सल्ला गावोगाव फिरतो. आपल्या तालुक्यांतल्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणारी मुलं आहेत. कटाईचा हंगाम चढायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, एखाद्या आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांनी त्यांच्या शिक्षकांबरोबर गाड्या तपासून दिल्या तर मुलांचा हात बसेल आणि शेतकऱ्याला कळेल की त्याचं नेमकं काय गेलं आहे. नुसतं तपासून सांगायचं, विकायचं काही नाही. गॅरेजवाल्यांनाही विनंती आहे की गिऱ्हाइकाला खाली वाकवून जुना भाग दाखवा आणि मग किंमत सांगा. अण्णांनी आयुष्यभर तेच केलं, आणि म्हणून आजही अमळनेरला लोक त्यांच्या ओट्यासमोर गाडी हळू करून आवाज ऐकवतात.

नवे शॉकअप बसवले त्या दिवशीचा मीटरचा आकडा मी वहीत लिहिला आहे: १,१८,६४०. त्याच ओळीत चारही टायरच्या खाचांची खोली, मुलाच्या कंपासमधल्या पट्टीने मोजलेली. दर अमावस्येला पुन्हा मोजते. चाळीस महिने पुरले किंवा त्याआधी संपले, जे होईल ते आपल्याला याच पानासाठी कळवीन.

आपली,
रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)